चकाकीच्या शेजारची बाई

चकाकीच्या गाडीत बायकोच्या जागी दुसरीच कुणीतरी बाई बसते, अशी कुजबुज आमच्या गल्लीत बरेच दिवस फिरत होती.

तिला पहिल्यांदा पाहिलं औषधांच्या दुकानदारानं. म्हणजे असं तो सांगतो. इस्त्रीवालीचं म्हणणं, पाहिलं आपण आणि औषधवाल्याला सांगितलंही आपणच. पहिल्यांदा पाहण्याचा मान कुणाचा, यावरून दोघांत अजून धड बोलणं नाही. वर्णन मात्र दोघांचं तंतोतंत जुळतं. बाई बुटकी, अंगानं चांगली भरलेली, मान जवळजवळ नाहीच. अंगावर फुलाफुलांचं काहीतरी. डोक्यावर घट्ट अंबाडा. गाडीच्या काचा काळ्या, त्यामुळे चेहरा काही दिसला नाही. पण पट्टा लावून ताठ बसलेली होती, आणि गाडी खड्ड्यात आपटली तरी हूं की चूं केलं नाही.

"रुसलेली असणार," इस्त्रीवाली म्हणाली.

"इतकी मुकाट बाई शेजारी बसली तर कुठल्याही पुरुषाचं मन फिरेल," औषधवाला म्हणाला. आपली बायको मागच्या कपाटातून गोळ्या काढत उभी आहे, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

आता चकाकी आणि परकी बाई, ही कल्पनाच अशी होती की निम्म्या गल्लीला ती ऐकून हसू फुटलं. ज्या माणसानं लग्नाच्या बायकोकडे मान वर करून पाहायला कधी सवड काढली नाही, तो दुसरीकडे कशाला पाहील? त्याचं प्रेमप्रकरण सगळ्यांना ठाऊक होतं. चार चाकं होती त्याला. पण कुजबुजीचं एक असतं, ती खरी वाटावी लागत नाही. चवदार असली की पुरे.

चकाकी हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. तो दातांच्या लॅबमध्ये कामाला होता. दंतवैद्य तोंडाचं माप पाठवणार, साच्यातून कवळी निघणार, आणि शेवटी ती याच्या हातात येणार. फिरत्या ब्रशवर ओली पांढरी पूड घेऊन हा ती अशी घासायचा की म्हाताऱ्या माणसांना आपले गेलेले दात फुकट वाया गेले असं वाटावं. हात खरोखर चांगला होता, उगाच खोटं कशाला बोला. तेवढ्यावर थांबला असता तर चार माणसांत नाव काढून गेला असता. पण काहींना सुख बोचतं.

गाडी घेतली ती बायकोसाठी. हे लक्षात ठेवा, पुढं विसरायला होतं. त्याला तर झालंच. गल्लीभर जिला वहिनी म्हणतात ती त्याची बायको शाळेच्या कचेरीत नोकरीला होती. शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, मध्ये बस बदलायची. रोज उभ्यानं जाऊन उभ्यानं येऊन तिच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. म्हणून गाडी. चार दारांची, साधी, सायीच्या रंगाची. रंग वहिनींनी पसंत केलेला. पहिलं वर्षभर चकाकी तिला सोडायला जायचा. वहिनी पुढच्या सीटवर, कोपर खिडकीबाहेर, आणि बसथांबा आला की थांब्यावरच्या बायकांना हात करायच्या. तो हात जरा जास्तच सावकाश हलायचा. थांब्यावरच्या बायकांनी तो मनात ठेवला.

मग सायलेन्सरवाला आडवा आला. कोपऱ्यावर गाड्यांचे सायलेन्सर जोडून देणारा हा चकाकीचा शाळासोबती. त्यानं एका सुटीच्या दिवशी याला गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर नेलं. विमानं उतरायची थांबल्यापासून तिथं हौशी मंडळी गाड्या पळवायची, दोन-दोन गाड्या शेजारी उभ्या करून सरळ रेषेत. शर्यतीत घरगुती गाड्यांचा म्हणून एक वेगळा गट होता. दिवसभर धूर खाऊन चकाकी घरी आला तो नवा धर्म घेतल्यासारखा. जेवताना म्हणाला, "आपल्या गाडीत दम आहे."

"आहे ना," वहिनी म्हणाल्या. "मला शाळेत पोचवते."

त्यानं पाहिलं वहिनींकडे, पण वाचता न येणाऱ्याकडे शिकलेला पाहतो तसं.

आधी सायलेन्सर बदलला. पूर्वी गाडी घसा साफ केल्यासारखी सुरू व्हायची, आता गल्लीतली तान्ही मुलं दचकून उठायला लागली. "हा आवाज नाही, हा श्वास आहे," असं चकाकी समजावून सांगायचा. मग गाडी खाली केली. स्प्रिंगा कापून इतकी खाली, की गल्लीच्या तोंडाचा स्पीडब्रेकर तिला ओलांडता येईना. त्यासाठी डिकीत दोन फळ्या ठेवल्या. ताशी किती वेगानं पळते हे छातीठोक सांगणारा माणूस रोज गल्लीच्या तोंडाशी उतरायचा, फळ्या लावायचा, गाडी चढवायचा, उतरवायचा, पुन्हा उतरून फळ्या गोळा करायचा. तेवढ्यात पायी निघालेला पोस्टमन त्याला मागे टाकून पुढच्या चौकात पोचलेला असायचा. मग डिकीवर पंख आला. वाऱ्यानं गाडी जमिनीला धरून राहावी म्हणून तो असतो म्हणे. वहिनींनी त्यावर ओली फडकी वाळत घातली, तेव्हा मात्र या शांत माणसानं आवाज चढवला.

इथवरही ठीक होतं. माणसाला एक खूळ असतं. याला दोन लागली.

शर्यतीला गाडी हलकी लागते. आणि चकाकीचा हात पडला चमकवणाऱ्याचा. त्याला गाड्यांच्या प्रदर्शनाचंही वेड लागलं. तिथं पांढरे हातमोजे घालून परीक्षक येतात, बॉनेटखाली बोट फिरवतात, आणि बोटाला काय लागलं ते उजेडात धरून पाहतात. प्रदर्शनाला गाडी नटलेली लागते. म्हणजे शर्यतींच्या हंगामात गाडीतून सगळं काढायचं आणि प्रदर्शनांच्या हंगामात सगळं परत घालायचं, वर आणखी चार गोष्टी लटकवायच्या. एखाद्या नवरीनं दर आठवड्याला सासरी आणि माहेरी जाताना आपली हाडंसुद्धा काढून ठेवावीत, असला प्रकार. आणि काढलेलं ठेवायचं कुठं? घरात. मागची सीट हॉलमध्ये सोफा म्हणून आली. वहिनींचे वडील एकदा राहायला आले, त्यांना तिच्यावर बसवलं. म्हातारे बसले खरे, पण सीट जमिनीलगत, उठता येईना. गुडघे कानाशी आलेले. जरा वेळानं अदबीनं म्हणाले, "जावईबापू, बाकी सगळं उत्तम आहे. हे थांबलं की मला उतरवा."

डिकीतला गालिचा पलंगाखाली गेला. जास्तीचं चाक न्हाणीघरात. आणि एका सकाळी वहिनी डबा घेऊन गाडीपाशी आल्या, दार उघडलं, तर पुढच्या सीटच्या जागी नुसता पत्रा.

"अहो, माझी सीट कुठंय?"

"हॉलमध्ये ठेवलीय, खिडकीपाशी. छान दिसते."

"छान दिसते म्हणजे? मी शाळेत काय हॉलमधून जाऊ?"

"अगं, समजून घे. सीट म्हणजे नुसतं वजन."

"आणि मी?"

इथं कुणीही शहाणा माणूस गप्प बसतो. चकाकी विचार करून म्हणाला, "तूसुद्धा."

वहिनी तशाच वळल्या आणि बसथांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. थांब्यावरच्या बायकांनी सरकून त्यांना जागा करून दिली, ती इतक्या प्रेमानं की ते प्रेम बघवत नव्हतं. थोड्या वेळानं चकाकी समोरून गेला. एकटा, रिकामी गाडी, छाती फुगवून. त्यानं हातही केला. एका बाईनं विचारलं, "तुमचेच ना हे?" वहिनी म्हणाल्या, "गाडी ओळखीची वाटते."

संध्याकाळी जे व्हायचं ते झालं, भिंती पातळ आहेत, सगळ्यांनी ऐकलं. शेवटी तह झाला. चकाकीनं शब्द दिला: घरगुती गाड्यांच्या गटात एकदा पहिला कप मिळू दे, त्याच दिवशी सीट जागेवर. "कप घरात आला की तू गाडीत. शब्द देतो."

वहिनींना कपाचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यांना आपली सीट हवी होती, आणि कोपर खिडकीबाहेर काढून त्या थांब्यापुढून जायचं होतं. पण रस्ता कपावरून जात असेल तर जाऊ दे, असा हिशेब करून त्यांनी चकाकीला जिंकवायला घेतलं. चालवणाऱ्याचंही वजन धरतात म्हटल्यावर घरातलं तळण बंद. चकाकीच्या ताटात उकडलेला भोपळा, उकडलेली पालेभाजी, आणि तेच पाणी वाटीत आमटी म्हणून. तो बिचारा इतका वाळला की लॅबमधल्या मालकानं त्याला बाजूला घेऊन घरी सगळं ठीक आहे ना विचारलं. सायलेन्सरवाल्याला वहिनी दारातच गाठायच्या. "भावोजी, काय लागतंय ते सांगा, पण यंदा आटपा. मला गुडघ्यांची एकच जोडी आहे."

चकाकीनंही कंबर कसली. लॅबमधून वापरून टाकलेली बारीक ड्रिलं घरी आणायची आणि गाडीला भोकं पाडायची, हा त्याचा नवा उद्योग. भोक पडलं की तेवढा पत्रा कमी, तेवढं वजन कमी. दारांच्या आतली बाजू झाली, पेडल झाले, डिकीचं झाकण झालं, हातरुमालाएवढा अ‍ॅशट्रेचा कप्पा झाला. गाडीच्या किल्लीला भोक पाडलं. सीट काढल्यामुळे उघडा पडलेला तळाचा पत्रा तर आयताच हाती सापडला. तिथं त्यानं मांडीखाली चटई घेऊन बैठकच मारली. भोकाभोकाची कड घासून गुळगुळीत, न जाणो एखाद्या परीक्षकानं तिथं बोट घातलं तर! वहिनी म्हणायच्या, "आमच्या झाऱ्याला आधीच भोकं होती म्हणून वाचला."

या सगळ्यात कवळ्यांचं काय झालं विचारू नका. एका निवृत्त हेडमास्तरांचा सत्कार होता. कवळी चकाकीकडे. चकाकी इंजिनाचं झाकण त्याच ब्रशवर, त्याच पुडीनं घासत बसलेला. हेडमास्तरांनी सत्काराचं उत्तर नुसत्या हिरड्यांनी दिलं. श्रोत्यांना वाटलं गहिवरले, आणि टाळ्या पडल्या. कवळी मागाहून आली ती गाडीच्या मेणाचा वास घेऊन. पुढं कित्येक दिवस हेडमास्तर बोलायला लागले की माणसाला नवी गाडी घ्यावीशी वाटायची.

आणि एवढं करून हाती काय? प्रदर्शनात परीक्षकानं वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "दार उघडल्यावर सगळीकडून उजेड येतोय. गाडी अर्धवट आहे का?" भोकं बुजवायला वेळ मिळाला नव्हता. उत्तेजनार्थ म्हणून एक पुसायचं फडकं मिळालं. ते यानं चौकटीत लावलं. शर्यतीत पंच म्हणाले, "आरसे कशाला एवढे क्रोमचे? वजनदार असतात." दोन्ही घरचा पाहुणा दोन्हीकडे उपाशी, पण उपास करतोय असं तोंड करून फिरायचा.

मग एका वर्षी तो खरोखर पहिला आला. लाउडस्पीकरवर नाव पुकारलं, सायलेन्सरवाल्यानं त्याला खांद्यावर घेतलं. उकडलेल्या भोपळ्यामुळे ते सोपं होतं. घरी वहिनींनी खिडकीपाशची सीट झाडून, पुसून, दारात आणून ठेवली. चकाकी आला. हातात कप नव्हता.

"पहिला आलात ना?"

"आलो."

"मग कप?"

"तांत्रिक कारण," असं म्हणून तो मोरीत हात धुवायला गेला आणि कितीतरी वेळ हातच धूत राहिला. वहिनींनी सीट परत खिडकीपाशी ओढत नेली. फरशीवर तिचा आवाज झाला तेवढाच, बाकी त्या दिवशी भिंतीपलीकडे काही ऐकू आलं नाही.

आणि पुढच्या हंगामात ही बाई दिसायला लागली.

बातमी वहिनींना कुणी सांगायची यावर गल्लीत बरीच चर्चा झाली. सगळ्यांनाच ते अवघड काम वाटत होतं आणि सगळ्यांनाच ते हवं होतं. शेवटी इस्त्रीवाली कपड्यांचा गठ्ठा घेऊन गेली. वहिनी खिडकीपाशी आपल्या सीटवर बसून भाजी निवडत होत्या.

"वहिनी, एक सांगू? रागावू नका."

"मुद्दाम आलीस ती राग यावा म्हणूनच ना? सांग."

इस्त्रीवालीनं सांगितलं. रंगवून सांगितलं. अंबाडा सांगितला, फुलं सांगितली, बाईचं ताठ बसणं सांगितलं. वहिनी निवडत राहिल्या. मग हात थांबला.

"बसलेली होती म्हणतेस?"

"तर! चांगली ऐसपैस."

"कशावर?"

"काय कशावर?"

"अगं, बाई आज आहे, उद्या नाही. पण ती बसलीय कशावर? माझी सीट तर माझ्या बुडाखाली आहे." वहिनी उठून उभ्या राहिल्या, सीटवर एक चापट मारून ती तिथंच आहे याची खात्री केली. "म्हणजे तिच्यासाठी यांनी नवी सीट घातली. माझं ते वजन, आणि तिचं काय पीस आहे?"

इस्त्रीवालीनं पुढं गल्लीत येऊन सांगितलं की वहिनींना सवतीचा नाही, सीटचा मत्सर वाटतो. असा संसार आपण पाहिला नाही.

वहिनींनी चकाकीला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो तांत्रिक कारण म्हणाला असता. शर्यतीच्या दिवशी तो पहाटे गाडी घेऊन गेला आणि मागोमाग वहिनी आणि इस्त्रीवाली बसनं निघाल्या. इस्त्रीवाली सोबतीला म्हणून गेली होती असं ती सांगते. त्या दिवशी गल्लीतल्या कुणालाही इस्त्रीचा कपडा मिळाला नाही आणि कुणी तक्रार केली नाही.

बस सोडून धुळीतून चालत त्या पोचल्या तेव्हा शेवटची जोडी सुटत होती. एका बाजूला चकाकी. दुसऱ्या बाजूला घरोघर पाव पोचवणारा एक गडी, रोजचीच गाडी घेऊन आलेला, मागे पावाचे ट्रे तसेच खडखडत होते. झेंडा पडला. चकाकीच्या गाडीनं असा काही श्वास सोडला की इस्त्रीवालीनं कान झाकले. आणि लबाडी न करता सांगायचं तर गाडी सुरेख गेली. पाववाला बराच मागे राहिला. लाउडस्पीकरवर नाव आलं: घरगुती गाड्यांमध्ये पहिला.

त्या क्षणी वहिनी हसल्या, असं इस्त्रीवाली शपथेवर सांगते. "जिंकले बघ," एवढंच म्हणाल्या. म्हणजे कप. म्हणजे सीट. बाईचं काय ते नंतर पाहता आलं असतं.

जिंकलेली गाडी धावपट्टीच्या कडेला वजनकाट्यावर घेतात आणि मगच निकाल पक्का होतो. चकाकी काट्याच्या अलीकडे थांबला होता, बाहेर उतरून बॉनेटवरची धूळ फडक्यानं टिपत होता, कारण फोटोवाला जवळ आला होता. वहिनी त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"कोण आहे आत?"

चकाकीच्या हातून फडकं पडलं. "अगं, तू? इथं? कशानं आलीस?"

"बसनं. मी बसनंच येते सगळीकडे. कोण आहे?"

"कुणी नाही. नंतर सांगतो. काटा होऊ दे."

वहिनींनी दार उघडलं. आत पट्टा लावून, वरच्या दांडीला दोरीनं जखडून, एक वाळूनं भरलेलं पोतं उभं होतं. पोतं कसलं, कापडाची पिशवी शिवलेली. तोंड घट्ट आवळून वर गाठ मारली होती, तो अंबाडा. कापड फुलाफुलांचं.

"हा माझ्या स्वयंपाकघरातला पडदा," वहिनी म्हणाल्या. "फाटला म्हणून पुसायला नेला म्हणालात."

"गोणपाट चांगलं दिसत नव्हतं."

"आणि आत वाळू?"

"धुऊन घेतलीय," चकाकी म्हणाला. त्या अवस्थेतही त्याला ते सांगावंसं वाटलं.

सायलेन्सरवाला धावत आला. मित्र म्हणून मध्ये पडला आणि मित्रानं जे करू नये ते केलं, म्हणजे खरं सांगितलं. "वहिनी, रागावू नका. मागच्या खेपेला काट्यावर गाडी फार हलकी भरली. भोकं पाडता पाडता प्रमाण सुटलं. नियमात कमीत कमी वजन ठरलेलं असतं ना, त्याच्याही खाली गेली. पंच म्हणाले, तुमच्या गाडीत एक माणूस कमी पडतोय. तेवढं वजन घालून या."

"एक माणूस," वहिनी म्हणाल्या.

"शर्यतीत दुसरा माणूस बसवता येत नाही हो, म्हणून वाळू."

"मग माझी सीट घालायची होती. तीही वजनच आहे ना? तुम्हीच म्हणाला होतात. कमी पडलं असतं तेवढी खाली वाळू भरायची."

चकाकी बूट बघायला लागला. बूट चकचकीत होते.

"बोला की."

"सीट बसत नाही, वहिनी," सायलेन्सरवालाच म्हणाला. "बोल्ट धरायला खाली पत्रा हवा. तिथं चाळण करून ठेवलीय यानं. सीट घातली तर माणसासकट रस्त्यावर जाईल."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. वहिनी त्या भोकांकडे पाहत राहिल्या. खालची जमीन दिसत होती.

"म्हणजे कप मिळाला असता तरी मी गाडीत बसणार नव्हते."

"कप मिळू दे, मग काहीतरी बघू म्हणालो होतो ना," चकाकी पुटपुटला.

"बघू नव्हतं. शब्द देतो म्हणाला होतात. भिंतीपलीकडच्यांनासुद्धा विचारा."

काट्यावरचे पंच ओरडले, "ती क्रीम गाडी पुढं घ्या!"

"थांबा जरा," वहिनी त्यांना म्हणाल्या. "आमच्या गाडीत माझी एक वस्तू राहिलीय." आणि त्यांनी अंबाड्याला हात घातला.

"अगं, काट्यानंतर सोड! पाया पडतो!"

"माझा पडदा आहे. मला आत्ता हवाय."

गाठ सुटली. वहिनींनी पडदा दोन्ही हातांनी धरून खसकन ओढला. वाळू तळावर पसरली आणि चकाकीनं इतक्या प्रेमानं पाडलेल्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या भोकांमधून खाली पडायला लागली. भोकाभोकातून सारखी धार, कुठं अडकणं नाही. काम चांगलं होतं, मी आधीच म्हटलं. चकाकी आत वाकून ओंजळीनं वाळू अडवायला बघत होता, फोटोवाल्यानं तेवढा एकच फोटो काढला. गाडी काट्यावर चढली तेव्हा पंचांनी आकडा पाहिला, आत पाहिलं, आणि कंटाळून म्हणाले, "अहो, परत एक माणूस कमी."

कप पाववाल्याला गेला. तो घ्यायला थांबलाही नाही, त्याचे पाव पोचवायचे राहिले होते. कुणीतरी कप त्याच्या ट्रेमध्ये टाकला.

वहिनी बसनं घरी आल्या. पडदा धुतला, ठिगळ लावलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला परत अडकवला. चकाकी गाडी घेऊन आला तेव्हा त्याच्या ताटात भोपळाच होता.

पुढं त्यानं तळाला जाड पत्रा जोडून घेतला, हेही सांगितलं पाहिजे. सायलेन्सरवाल्यानं जोडून दिला. त्या पत्र्यानं गाडी शर्यतीला जड झाली आणि प्रदर्शनाला ठिगळाची झाली. खिडकीपाशची सीट जागेवर गेली. एका सकाळी वहिनी डबा घेऊन दारात आल्या, चकाकीनं दार उघडून धरलं, त्या बसल्या. कोपर खिडकीबाहेर. सगळी गल्ली कामं सोडून उंबऱ्यावर. गाडी निघाली आणि गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकरवर फळ्यांसकट टेकली. जाड पत्रा, सीट आणि दोन माणसं घेऊन ती उचलली जाईना. चाकं हवेत, श्वास फुल्ल.

"उतर जरा," चकाकी म्हणाला.

वहिनी उतरल्या. गाडी हलकी होऊन पलीकडे गेली. तेवढ्यात थांब्यावर बस लागली, तशा वहिनी चार ढांगांत बसपाशी गेल्या आणि चढल्या. बायकांनी खिडकीची जागा दिली. चकाकी फळ्या गोळा करून निघाला आणि रिकाम्या सीटसकट बसच्या मागे मागे शाळेपर्यंत गेला. अजून जातो. स्प्रिंगा वर करून घ्यायच्या तर गाडीचा तोल जातो म्हणतो. कुणाचा कुठला तोल, देव जाणे.

औषधवाला आणि इस्त्रीवाली यांच्यात बाई पहिल्यांदा कुणी पाहिली हे अजून ठरलेलं नाही. ठरायची गरजही नाही. सीट काढल्यापासून ती परत लागेपर्यंत त्या गाडीत चकाकीच्या शेजारी एकही बाई बसली नाही. परकी नाही, घरची नाही. ती वाळू होती.